दोन मनगटांची पट्टी

यादी लागली तेव्हा केतकी निकमने आपलं नाव वरून शोधायला सुरुवात केली. पहिल्या दहांत ते नव्हतं, याचं तिला थोडं आश्चर्य वाटलं. पहिल्या पन्नासांतही सापडेना, तेव्हा छापणाऱ्याची चूक असणार असं तिने ठरवून टाकलं. अकरावी विज्ञानाच्या एकशे अठरा मुलांत ती एकशे तेरावी निघाली. नावापुढे गुणक होता: २.४०. त्यापुढे तुकडी: विस्तारित.

चौथं नाव सावनी घोरपडेचं होतं. गुणक १.०६. तुकडी: वेगवान.

हा गुणक काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं, त्याच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. माणसाला स्वतःच्या कामाचा अंदाज येत नाही, ही गोष्ट मानसशास्त्राला फार आधीपासून ठाऊक होती. 'तासाभरात होईल' म्हणून घेतलेला धडा अडीच तास खातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तितक्याच विश्वासाने पुन्हा 'तासाभरात होईल' म्हणतो. गंमत अशी, की प्रत्येकाची ही चूक जवळपास ठरलेली असते. कुणी दीडपट चुकतो, कुणी दुप्पट, पण रोज तेवढाच. ही पट मोजता आली तर त्या माणसाचं वेळापत्रक त्याच्यापेक्षा यंत्र चांगलं आखेल, एवढा साधा विचार त्या मनगटपट्टीमागे होता.

पट्टी लिहित्या हाताला बांधायची. काम सुरू करताना ती थरथरायची आणि विचारायची, "किती वेळ लागेल?" आपण अंदाज सांगायचा. मग मनगटातल्या बारीक स्नायूंच्या हालचालींवरून आणि नाडीवरून तिला कळायचं, की हात खरंच लिहितोय, डोकं विचार करतंय, की माणूस नुसता वहीवर वाकून बसलाय. लागलेला वेळ भागिले अंदाज, म्हणजे गुणक. मुद्दाम मोठा अंदाज सांगून वाचायची सोय नव्हती. राज्यातल्या लाखो मुलांना त्या कामाला सरासरी किती वेळ लागतो हे पट्टीला माहीत असायचं, आणि दोन्हींतला कमी आकडा ती धरायची.

पहिला महिना ओळखीचा. त्या महिन्यात पट्टी आपल्या माणसाचं मनगट शिकायची आणि त्याचा गुणक ठरवायची. त्यानंतर अनोळखी हाताला बांधली तर कामच करायची नाही, वर शाळेला कळवायची. आणि तिथून पुढे वेळापत्रक तिचं. २.४ गुणकाच्या मुलाला तासाच्या धड्यासाठी दोन तास चोवीस मिनिटं मिळणार, म्हणून त्याची अकरावी-बारावी दोनाऐवजी तीन वर्षांत. यात कमीपणा काही नाही, असं शाळेने पालकांना खास पत्र पाठवून कळवलं होतं. पत्र पाठवावं लागलं यातच काय ते आलं.

केतकीला वर्षाचं एवढं दुःख नव्हतं. पुण्याच्या संशोधन निवासवर्गाचं होतं. प्रत्येक शाळेतून एकच मूल तिथे जायचं, तेही वेगवान तुकडीतलं. तिथे प्रत्येकाला प्रयोगशाळेत स्वतःचं टेबल आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळतो, हे तिने आठवीत ऐकलं होतं. तेव्हापासून त्या टेबलाचा कोपरा न् कोपरा तिने मनात लावून ठेवला होता.

आता २.४० कसा आला ते. चूक केतकीचीच होती, आणि विट्याच्या त्या शाळेत दरवर्षी निम्म्या मुली करायच्या तीच होती. प्रयोगवह्या. जूनपासून फायनल सबमिशनपर्यंत ज्याचा हात चांगला, त्याने दहाजणांच्या वह्यांत आकृत्या काढून द्यायच्या, ही तिथली रीतच होती. केतकीचा हात म्हणजे छापखाना. भिंग, लोलक, बेडकाचं हृदय, जे सांगाल ते दहा मिनिटांत, खोडरबर न लावता. त्यात सावनी तिची सहावीपासूनची मैत्रीण. जुलैत खो-खोच्या विभागीय सामन्यात सावनीच्या घोट्याचं हाड मोडलं आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मग केतकी रोज शाळा सुटली की तिच्या घरी.

"माझी पट्टी तू घाल ना," सावनी पहिल्या दिवशी म्हणाली होती. "वही माझी आणि हात तुझा, म्हणजे ही बया मला आळशी ठरवणार. तुझी मी घालते. ओळखीचा तर महिना आहे, सर म्हणाले ना, नुसता सराव आहे म्हणून."

केतकीने पट्टी बदलली. सावनीच्या अकरा वह्या लिहिता लिहिता तिथेच बसून स्वतःच्याही लिहिल्या, कारण पट्टी पुन्हा पुन्हा काढघाल करायचा कंटाळा. सावनी पलंगावर, हाताला केतकीची पट्टी, मांडीवर उघडं पुस्तक आणि पुस्तकात मोबाइल. पट्टी विचारायची, किती वेळ लागेल? सावनी हसत म्हणायची, अर्धा तास. निघताना जिची पट्टी तिच्या हाताला परत. महिनाभर त्या पट्ट्यांनी केतकी निकम म्हणून सावनीला मोजलं आणि सावनी म्हणून केतकीला.

यादी लागल्याच्या दुपारी केतकी भस्मे सरांकडे गेली. भस्मे सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि पट्ट्यांचा कारभार त्यांच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता. स्वतःचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवायचा आणि तरी रोज पाच मिनिटं उशिरा यायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावनीला बोलावलं.

सावनी कुबडी टेकत आली. केतकीकडे तिने एकदा पाहिलं. केतकीला वाटलं, आता ही हसेल, 'हो सर, गाढवपणा झाला' म्हणेल आणि प्रकरण मिटेल. सावनीने कुबडी काखेत घट्ट धरली, मोकळा हात केतकीच्या खांद्यावर ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "नाही सर. केतकीला वाईट वाटलंय, म्हणून म्हणतेय. तिला ओरडू नका."

सर ओरडले नाहीत. त्यांनी केतकीला पाणी दिलं. ते पाणी केतकी प्यायली, याचा राग तिला पुढे कित्येक दिवस येत राहिला.

त्या दिवसापासून केतकीने सावनीशी भांडण केलं नाही, अबोला धरला नाही, की कुणाला काही सांगितलं नाही. वाटेत भेटली तर हसायची. राग तिने पोटात ठेवला आणि रोज वर काढून पाहिला, कमी तर झाला नाही ना म्हणून. तो कमी होत नव्हता.

विस्तारित तुकडीत वेळच वेळ होता. पट्टीने गणिताच्या एका उदाहरणसंग्रहाला साडेतीन तास दिले की केतकी तो सव्वा तासात उरकायची आणि उरलेला वेळ बाकावर बसून काढायची. आकडा तरी सुधारावा, तर तेही नाही. ओळखीच्या महिन्यानंतर गुणक पक्का व्हायचा आणि फक्त दिवाळीच्या सुट्टीत, पुनर्मापनाच्या आठ दिवसांत हलायचा. रिकामपणी तिने पट्टीबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचून काढली. चौसष्ट पानांची ती पुस्तिका अख्ख्या शाळेत कुणी उघडलीसुद्धा नव्हती, भस्मे सरांनीही नाही. अकराव्या पानावर एक ओळ होती, ती तिने दोनदा वाचली आणि लक्षात ठेवली.

घरी ती आईला मदत करायची. आई ब्लाऊज शिवायची. पुढची खोली म्हणजे दुकान, तिथे मशीन आणि भिंतीला टांगलेले निम्मे शिवलेले ब्लाऊज.

"दोन पॉइंट चार?" आकडा ऐकून आई म्हणाली होती. "माझा काढला तर वीस येईल. बायकांना 'उद्या या, उद्या या' सांगून जीभ झिजली माझी."

केतकी हुक लावायची, काज करायची. पहिल्या दिवशी एका ब्लाऊजला चौदा मिनिटं लागली. मग ती घड्याळ लावून बसायला लागली. सप्टेंबरात सात मिनिटांवर आली, आणि तेच खूळ वहीतही शिरलं. एक पान साडेचार मिनिटांत, चारात, पावणेचारात. कशासाठी चाललंय हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. हाताला काहीतरी हवं होतं.

एकदा तिने विचारलं, "आई, तुझ्यावर कुणी खोटा आळ घेतला तर तू काय करशील?"

"घेतला होता की." आईने मशीन थांबवलं. "ती पेठेतली उंच बाई. चार बायकांसमोर म्हणाली, तू कापड मारलंस. मी म्हटलं, मोजून बघा. बघायला तयार न्हाई. तिचा भाचीच्या लग्नातला ब्लाऊज होता माझ्याकडं शिवायला."

"मग?"

"मग काय. मुंढ्यात पाव इंच कमी घेतला. इथं आरशासमोर घालून बघितला तर झकास बसला, खूश झाली. मांडवात अक्षता टाकायला हात वर करायची वेळ आली, तवा कळलं बाईला." आई तोंडाला पदर लावून हसली. "उसवायला जावं तर शिवणीत कापडच ठेवलं नव्हतं मी."

"परत आली का ती?"

"न्हाई आली. तिच्या तिघी जावा यायच्या माझ्याकडं, चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्या पण न्हाई आल्या." आईने दोरा दाताने तोडला आणि पुढची बाही घेतली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, सावनी केतकीच्या दारात आली. पाय बरा झाला होता, पण चेहरा उतरला होता. खो-खो सुटला होता. तिच्या वेळापत्रकात मैदान बसत नव्हतं, कारण ते वेळापत्रक केतकीच्या हाताच्या मापाचं होतं. तासाच्या धड्याला पट्टी तिला चौसष्ट मिनिटं द्यायची, आणि तिला लागायचे दोन तास. पासष्टाव्या मिनिटाला पट्टी थरथरून पुढच्या विषयावर न्यायची आणि उरलेला धडा 'राहिलेली कामं' या सदरात टाकायची. ही राहिलेली कामं एकशे त्र्याऐंशी झाली होती.

"आत येऊ?"

"ये की." केतकीने हातातला ब्लाऊज खाली ठेवला नाही.

सावनी पाटावर बसली. बराच वेळ तिने हुकांच्या डबीशी चाळा केला. मग म्हणाली, "पुनर्मापन आहे सुट्टीत. मला एक-अठरा हवाय. एक-वीसच्या आत असलं की वेगवान तुकडी राहते, आणि रोजचा तासभर तरी सुटतो. मी स्वतः केलं तर..."

"दोनच्या वर जाईल."

"हं." सावनीने मान खाली घातली. "मामेबहिणीच्या हाताला बांधून पाहिली. किंचाळायलाच लागली पट्टी. शाळेला उत्तरं देता देता पुरेवाट झाली. तुझ्या हाताला चालेल. तिला तुझा हात माहितीये ना, त्या महिन्यापासून." आपण काय बोललो हे तिला उशिरा कळलं, आणि तिने डबीचं झाकण लावलं.

केतकीची सुई थांबली. जगात दोनच मनगटं होती ज्यांना सावनीची पट्टी आपलं मानत होती, आणि त्यातलं एक तिचं होतं. म्हणजे पुरावा होता. सुरुवातीपासून होता. यादीच्या दिवशी सरांच्या समोर ती पट्टी हाताला बांधली असती, तर पट्टीने स्वतःच साक्ष दिली असती. अजूनही देईल. सावनीला हाताला धरून आत्ता सरांच्या घरी न्यायचं, पट्टी बांधायची, बस. दहा मिनिटांचं काम.

आणि मग? दोघींना समज. दोघींचं पुनर्मापन. भस्मे सर म्हणणार, झालं गेलं विसरा, हात मिळवा. सावनी रडणार, सगळे तिची समजूत घालणार, आणि पुन्हा एकदा कुणीतरी केतकीला पाणी देणार. नको. केतकीला न्याय नकोच होता. खांद्यावर ठेवलेला तो हात तिला परत करायचा होता, तसाच्या तसा.

"सकाळी तू तुझी पट्टी घाल, दुपारी माझी," सावनी घाईने म्हणाली. "तुझाही आकडा सुधारेल. दुपारी फक्त जरा हळू लिहायचं. आणि केतकी, ते त्या दिवशीचं, मी खरंच..."

"असू दे गं," केतकी म्हणाली. "सुट्टी लागली की आण."

आठ दिवस सावनी रोज दुपारी पट्टी आणून द्यायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. आकडा शेवटीच कळायचा, त्यामुळे तिला विचारायलाही काही नव्हतं. "जमतंय ना?" एवढंच ती विचारायची, आणि केतकी म्हणायची, "जमतंय."

सकाळी स्वतःच्या पट्टीवर केतकीने शांतपणे, आपल्या नेहमीच्या गतीने काम केलं. दुपारी दार लोटून, ओढणी मनगटाशी अडकू नये म्हणून बाजूला टाकून, सावनीची पट्टी घट्ट बांधून ती बसायची. पट्टी विचारायची, किती वेळ लागेल? केतकी ऐसपैस आकडा सांगायची, पट्टी राज्याची सरासरी धरायची, आणि केतकी तिच्याही कितीतरी आत उरकायची. तीन महिने हुक आणि काज करून सुधारलेला हात होता तो. तिला भूक लागायची नाही, पाठ दुखायची नाही. सहाव्या दिवशी मधल्या बोटाला फोड आला, तिने त्यावर आईच्या डबीतली चिकटपट्टी लावली. आयुष्यात तिने इतकं सुंदर काम कधी केलं नव्हतं, आणि ते सगळं दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं. पहिल्यांदा ते तिने प्रेमाने केलं होतं. या खेपेला तिला त्याहून जास्त मजा आली.

आठव्या दिवशी संध्याकाळी सावनी आली. "हात आण, मी बांधते," केतकी म्हणाली, आणि तिने पट्टी सावनीच्या मनगटाला लावून खटका दाबला. बारीकसा आवाज झाला. अकराव्या पानावरची ओळ अशी होती: पुनर्मापन संपताच पट्टीचा खटका बंद होतो, आणि वर्षअखेरीस कंपनीचा माणूसच तो उघडतो.

निकाल लागला. केतकी निकम, १.०३, वेगवान तुकडी. शाळेने लगेच विस्तारित वर्गाच्या यशाबद्दल पत्रक काढलं. पण ते कुणी वाचलं नाही, कारण सावनी घोरपडेचा गुणक आला होता ०.८१, जिल्ह्यात सगळ्यांत कमी. तिच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर चौकात फ्लेक्स लागला. सावनीचा खो-खोच्या गणवेशातला फोटो, खाली शुभेच्छुकांचे तेवीस चेहरे, आणि मधोमध आकडा, ०.८१, फोटोपेक्षाही मोठा.

सत्काराला तिला व्यासपीठावर बसवलं. आकडा कळल्यापासून ती नीट जेवली नव्हती, हे तिच्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं, पण लोक शालीकडे बघत होते. दोन शब्द बोलायला सांगितल्यावर ती म्हणाली, "मी एवढी हुशार नाहीये. खरंच नाहीये." टाळ्यांचा कडकडाट झाला. काय नम्र मुलगी आहे, असं केतकीच्या शेजारच्या बाई म्हणाल्या. सावनीने समोरच्या गर्दीत केतकीला शोधून काढलं. केतकी टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सावनीने तिला गाठलं. "का केलंस?"

"काय?"

"तुला माहितीये काय."

"हळूच लिहिलं होतं गं मी," केतकी म्हणाली. "यंत्राचं काहीतरी चुकलं असेल."

०.८१चं वेळापत्रक म्हणजे तासाच्या धड्याला एकोणपन्नास मिनिटं. वाचलेल्या प्रत्येक मिनिटात पट्टी नवं काम घालायची, कारण इतक्या झपाट्याच्या मुलीला रिकामं ठेवणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. सावनी डबा खाताना सूत्रं पाठ करायची. पट्टी थरथरली की तिचे खांदे उडायचे. नोव्हेंबरच्या शेवटी तिचा उजवा हात कापायला लागला, अक्षरं ओळीखाली घसरायला लागली. फ्लेक्सवरून पाऊस गेला, ऊन गेलं, आकडा जसाच्या तसा. राहिलेली कामं: सहाशे चाळीस. केतकी हे सगळं त्याच वर्गात, दोन बाक मागे बसून बघत होती. तिचं स्वतःचं काम रोज शंभर टक्के पुरं होत होतं.

निवासवर्गाची निवड गुणक आणि पूर्णता या दोन्हींवर व्हायची. सावनीची पूर्णता एकतीस टक्क्यांवर आली होती. यादी पुण्याला जाण्याच्या दोन दिवस आधी शिपाई वर्गात आला. केतकी निकम, भस्मे सरांनी बोलावलंय.

उठताना केतकीची पट्टी थरथरली. किती वेळ लागेल?

"दहा मिनिटं," केतकी म्हणाली.

सरांच्या खोलीत सावनी आधीच उभी होती. डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती. तिने सगळं सांगितलं होतं. जुलैचं, यादीच्या दिवसाचं, दिवाळीचं.

"केतकी, ही म्हणते तुम्ही दोनदा पट्ट्या बदलल्या." भस्मे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे खरं असेल तर दोघींचे गुणक रद्द करावे लागतील. यादीही थांबेल. तू आधी एकदा असं काही म्हणाली होतीस, म्हणून विचारतोय."

"सर, माझी पट्टी तिच्या हाताला बांधून बघा," सावनी म्हणाली. "लगेच कळेल."

सर उठले, त्यांनी सावनीचं मनगट धरून खटका दाबून पाहिला. नखाने उचकटून पाहिला. मग परत बसले. "बंद झालाय. कंपनीला लिहावं लागेल. महिना जाईल."

सावनी केतकीकडे वळली. "मला ती जागा नको. तूच जा पुण्याला, मी सगळ्यांना सांगेन की तुझीच होती. फक्त एवढं म्हण की मी खरं बोलतेय. मला झोप लागत नाही गं. हे बघ." तिने हात पुढे केला. तो कापत होता. याच हातात खडू धरून तिने सहावीत केतकीच्या बाकावर दोघींची नावं लिहिली होती.

केतकीला ते आठवलं. दया आली नाही असं नाही, आली. तिने ती गिळली, कारण या क्षणासाठी ती पाच महिने जगली होती आणि असा क्षण पुन्हा मिळणार नव्हता. ती दोन पावलं पुढे गेली. सावनीच्या खांद्यावर तिने हात ठेवला. खांदा नुसता हाडांचा लागला.

"नाही सर," ती मायेने म्हणाली. "सावनी दमलीये, म्हणून म्हणतेय. तिला ओरडू नका."

सावनी तिच्याकडे बघत राहिली. ते शब्द तिने ओळखले. भस्मे सरांनी सुस्कारा टाकला, माठापाशी गेले आणि पेला भरून सावनीला दिला. सावनीने तो घेतला. ती पाणी प्यायली. केतकीने तेवढं पाहिलं आणि ती बाहेर आली.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

पट्टी थरथरली. अंदाज दहा मिनिटं, लागली चार. सहा मिनिटं मोकळी.

वर्गात जायची वेळ अजून झाली नव्हती. ती सरांच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसली. खोलीचं दार उघडंच होतं. आतून सरांचा आवाज येत होता, विश्रांती घे, बदाम खात जा, असलं काहीतरी. पट्टीच्या काचेवर मिनिटं उलटी मोजली जात होती. पाच. आत सावनीची पट्टी थरथरली, त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. चार. सावनी बाहेर आली. केतकीच्या बाजूने जिना उतरताना तिने पाय किंचित ओढला, मोडलेला तोच पाय, आणि खाली पोचल्यावर ती पळायला लागली, कारण तिला पुढच्या कामाला उशीर झाला होता. तीन. दार तसंच उघडं होतं आणि सर एकटेच होते. दोन. केतकीने मांडीवरचा हात उलटा करून पाहिला, मधल्या बोटावर फोडाच्या जागी घट्टा पडला होता. एक.

पट्टी थरथरली. रसायनशास्त्र, प्रकरण नऊ. किती वेळ लागेल?

"चाळीस मिनिटं," केतकी म्हणाली.

एकोणचाळीस लागली.